पायलीभर कोंडा

शकुनबाईला आमच्या एकोडीत कोणी फार बोलताना ऐकलं नसेल. रोवण्याच्या दिवसांत बायांची रांग बांधीतल्या, म्हणजे धानाच्या वाफ्यातल्या, चिखलात वाकली की गाणी, चहाड्या, नवऱ्यांची उणीदुणी, सगळं धानाच्या रोपांबरोबर रोवलं जातं. शकुन मात्र मुकाट. हात एवढा चालायचा की शेजारणीला धाप लागावी. ती शेजारीण मी. रांगेतही शेजारची आणि घरानंही. आमच्या दोघींच्या अंगणांमध्ये एक कुडाची भिंत होती. तिचं जे काही मला माहीत आहे, त्यातलं पुष्कळसं कुडाच्या फटीतून आलेलं आहे, आणि त्या कुडाला फटी भरपूर होत्या.

तिचा नवरा श्रावण. त्याचा मोठा भाऊ मारोतराव, मारोतरावांची बायको मंगला, आणि सगळ्यांच्या डोक्यावर म्हातारी सासू बायजाबाई. मंगलाला मूलबाळ नव्हतं. शकुनला झाली, पण टिकली नाहीत. पहिलं पाचवी पुजायच्या आधीच गेलं, दुसरं रांगायला लागलं आणि गेलं. तिसऱ्या वेळी, एकोणसत्तरच्या दिवाळीच्या आसपास, पोरगी झाली तेव्हा बायजाबाईनं कोणाला विचारलं नाही. सूप काढलं.

आमच्याकडे ज्या बाईची लेकरं जगत नाहीत, तिनं नवं लेकरू विकायचं असतं. खरं नाही, मरणाला फसवायला. त्याला वाटावं, हिचं तर काहीच उरलं नाही, इथं कशाला थांबायचं. आजकालच्या पोरी हे ऐकून हसतात. हसा बायांनो. तुमच्याकडे टोचायला सुया आहेत, आमच्याकडे सूप होतं.

सकाळीच बायजाबाईनं ओल्या अंगाची पोरगी सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवली. पलीकडून मंगला आली, जशी वाटसरू.

"हे कोनाचं लेकरू व?"

"कोनाचंच नाही. उकिरड्यावर पडलं हाये. घेतेस का?" बायजाबाई म्हणाली.

"कायच्या बदल्यात?"

"पायलीभर कोंडा दे."

मंगलानं कोंडा मोजला, शकुनच्या पदरात टाकला आणि पोरगी उचलली. मग बायजाबाईनंच तिला विचारलं, "बाई, तुह्या पोरीले दूध पाजाले कोनी पाहिजे का? ही एक रिकामी हाये." अशी शकुन आपल्याच पोरीची दाई झाली. आम्ही बाया पदर तोंडाला लावून हसत होतो. शकुन हसली नाही. तिनं कोंडा गाठीला असा घट्ट बांधला होता, जणू सोनं.

पोरीचं नाव कोंडी ठेवलं. नियम एकच. कोंडीला हळद लागेपर्यंत शकुननं ‘माझी’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. कोणी विचारलं तर मंगलाची म्हणायचं. पोरीनं मंगलाला माय म्हणायचं, शकुनला काकू. सगळ्या गावाला खरं माहीत, पोरीलाही थोडी समज आल्यावर माहीत, पण शब्द पाळायचा. श्रावण थट्टा करायचा, "माह्याच घरात मी काका झालो ना बाप्पा." शकुन त्याच्यावर डोळे वटारायची. आणि कोंडी जगली. गुटगुटीत, हट्टी, खूप बडबडी. आईचं सगळं न बोललेलं बोलणं तिच्यात उतरलं होतं.

पंच्याहत्तर साली श्रावण काविळीनं गेला. झाडपाला झाला, साकोलीचा दवाखाना झाला, पण वेळ गेली होती. तेराव्याला शकुनचा भाऊ भैय्याजी आला. शहापूरला हायवेवर त्याचं सायकलचं दुकान होतं. म्हणाला, "चाल शकुन. पोरीले घेऊन चाल. तिथं राईस मिलमधी काम भेटते."

मारोतराव ओसरीवर बसले होते. ते म्हणाले, "तिले ने गा, भैय्याजी. पोरगी कायले नेतेस? पोरगी तर आमची हाये. नाही का व मंगला?"

मंगला कोंडीला मांडीवर ओढून बसली. आता मारोतरावांच्या मनात पोरीबरोबर येणारी, बोडीच्या तळ्याखालची श्रावणच्या वाट्याची बांधी होती, हे गावातल्या कुत्र्यालाही कळत होतं. पण मंगलाच्या मनात बांधी नव्हती. तिच्या मनात कोंडीच होती. तिला नुसती लबाड म्हटलं तर मला चालणार नाही.

शकुन त्या दिवशी एकटी गेली नाही. थांबली. पुढं साकोलीच्या बाजाराच्या दिवशी कोंडीचं बोट धरून बाजाराला म्हणून निघाली आणि शहापूरच्या एसटीत बसली. वर्षभर दोघी भावाकडे राहिल्या. शकुन मिलमध्ये धान पाखडायची, झाडायची. तिथं कोंड्याचे ढीग पडलेले असायचे, पोत्यापोत्यांनी. त्या गावातल्या बायांना एकच कोडं. ही पोरगी हिच्यासारखीच दिसते, हिच्याच कुशीत झोपते, आणि हिला काकू म्हणते. शकुन कोणाला उलगडून सांगत नव्हती.

मग कोर्टाचा कागद आला. मारोतराव आणि मंगलानं जिल्ह्याच्या कोर्टात अर्ज केला होता, की मुलगी आमच्याकडे लहानाची मोठी झाली, आम्हालाच आईबाप मानते, ही विधवा तिला पळवून घेऊन गेली, तिचा ताबा आम्हाला द्यावा.

भैय्याजीनं वकील केला. वकीलसाहेब भले माणूस, पण शहरातले. त्यांनी शकुनला समजावलं, "बाई, कायदा तुमच्या बाजूनं आहे. बाप गेला की आईच पालक. तुम्हाला साहेब विचारतील, मुलगी तुमची का. तुम्ही म्हणायचं, हो, माझी. बस, एवढंच."

शकुननं मान हलवली. वकीलसाहेबांना वाटलं, कबूल झाली. आमच्याकडे बाई मान हलवते ती ऐकू आलं एवढं सांगायला.

मला साक्षीला बोलावलं होतं, म्हणून मी होते. पोरीलाही आणायला सांगितलं होतं. कोंडीला नुकताच गोवर येऊन गेला होता, अंगावरचे डाग पुरते गेले नव्हते, खोकत होती. मी तिला मांडीवर घेऊन मागच्या बाकावर बसले. शकुन पुढं उभी राहिली तरी दर खोकल्याला मान वळवून पाहत होती.

आधी माझी साक्ष झाली. मी सूप, उकिरडा, कोंडा सगळं सांगितलं. मारोतरावांचा वकील चुरचुरीत होता.

"म्हणजे मुलगी विकली?"

"विकली म्हंजे नावाची विकली जी. आमच्याकडे तसं करतेत."

"विकली की नाही, तेवढं सांगा."

"विकली, पन..."

"झालं. बसा."

मी बसले. माझा ‘पन’ तसाच हवेत राहिला. आमच्या वकिलांनी उठून सांगितलं की साहेब, ही एक प्रथा आहे, त्या भागात चालते. न्यायाधीश म्हणाले, ठीक आहे, बाईंनाच विचारू. ते म्हातारे होते, आवाजानं मऊ होते. त्यांना शकुनचं वाईट करायचं नव्हतं. त्यांनी सरळ मराठीत विचारलं, "बाई, घाबरू नका. ही मुलगी तुमची आहे का?"

शकुन गप्प.

"तुम्ही हिला जन्म दिला ना?"

शकुननं माझ्या मांडीकडे पाहिलं. कोंडीला नेमका तेव्हाच खोकला आला.

मंगला बाजूला बसली होती. तिला बोलायचं कारण नव्हतं, पण बोलली. हळूच बोलली, "तिलेच विचारा ना साहेब. ती खोटं नाही सांगनार." मंगलाला माहीत होतं ना. सूप तिनंच उचललं होतं.

"शेवटचं विचारतो," न्यायाधीश म्हणाले, "मुलगी कोणाची?"

शकुन म्हणाली, "मंगलाबाईची जी. म्या फक्त दूध पाजलं."

आमच्या वकिलांनी हातातली फाइल टेबलावर ठेवून दिली. मग न्यायाधीशांनी कोंडीला जवळ बोलावलं, गोळी दिली, विचारलं, "बाळ, तुझी माय कुठं आहे?" पोरगी ती, तिला जसं शिकवलं होतं तसं तिनं केलं. मंगलाकडे बोट दाखवलं. मग जरा थांबून शकुनकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे माही काकू होय." कोर्टात कोणीतरी हसलं.

निकाल लागला तो असा. जन्मदात्रीनंच लेकराला नाकारलं आहे, धान्याच्या बदल्यात दिल्याचं तिच्याच साक्षीदारानं कबूल केलं आहे, मुलगी दुसरीला आई मानते, तर मुलीचं भलं तिकडेच. कोंडीला त्याच दिवशी मारोतरावांच्या हाती दिलं. ती रडली की नाही, असं लोक मला विचारतात. रडली नाही. "काकू, तू येतं ना मागून?" म्हणाली. शकुननं मान हलवली.

बाहेर वडाखाली वकीलसाहेब चिडून बोलत होते. "बाई, एक शब्द. एक शब्द बोलायला काय झालं होतं तुम्हाला?"

"दोन गेले जी," शकुन म्हणाली. "हे जगली पाहिजे."

वकीलसाहेबांनी बंद केलेली फाइल पुन्हा उघडली. मग म्हणाले, "वर जाऊ. नागपूरला. अपील करू."

अपील म्हणजे काय हे शकुनला एवढंच कळलं की अजून एक साहेब आहे, मोठा, आणि तो पुन्हा विचारेल. त्या आशेवर ती बदलली. अपील दाखल झालं, तारखा पडू लागल्या, आणि ती मनात एकच गोष्ट घोळवत होती, की या वेळी शब्द काढायचा, पण पोरीला धक्का न लागता कसा. म्हणून ती एकोडीला बायजाबाईकडे आली. म्हातारी खाटेला खिळली होती.

"माय, आता सोडव यातून," शकुन म्हणाली.

बायजाबाई म्हणाली, "हळद लागाच्या आंधी सोडवाचं असन तर परत विकत घ्याव लागते. जेवढा कोंडा घेतला तेवढाच, घेणारनीच्या हातात द्याचा. तिनं हात पुढं केला म्हंजे पोरगी तुही. मंग बोल किती बोलाचं ते."

शकुन मिलमधून कोंडा घेऊन आली. तोही उगीच नाही, मापून, पायलीभर. पदरात बांधून मंगलाच्या दारात उभी राहिली. मी कुडापाशी होते. फटीची गरजच नव्हती, दोघींचा आवाज चांगला चढला होता.

"घे वो बाई तुहा कोंडा."

"कायचा कोंडा?"

"तुले माहीत हाये कायचा. हात पुढं कर."

मंगलानं दोन्ही हात पाठीमागं नेले. लहान पोरं लपवतात तसे. "मी नाही घेत."

"तुह्या पाया पडतो मंगलाबाई. मी तिले तुह्यापासून तोडत नाही. येत जा, भेटत जा. पन घे."

"अन मंग कोर्टात जाऊन बोलशील."

"बोलीन ना! माही..." शकुननं स्वतःच्याच तोंडावर हात मारला.

मंगला रडायला लागली. रडता रडताच म्हणाली, "पाह्य, अजूनही नाही बोलत तू. कोंडा दारात नोको ठेवू, मी सांगून ठेवतो."

शकुननं कोंडा उंबऱ्यावर ओतला आणि निघून गेली. ती वळणापर्यंत पोचली नसेल तोच मारोतरावांची गाय आली आणि उंबरा चाटून गेली. मी बायजाबाईला जाऊन विचारलं, आता कोणी घेतलं म्हणायचं? म्हातारी खाटेवरून म्हणाली, "गायीनं घेतलं. आता गायीवर केस कर म्हना." ती हसली आणि मग तिचे डोळे भरून आले. त्याच हिवाळ्यात ती गेली. नियम सांगणारी गेली, पण नियम काही गेला नाही.

शेवटी ऐंशी साली नागपूरची तारीख लागली. भैय्याजी, शकुन आणि मी एसटीनं गेलो. गाडीत शकुन खिडकीकडे तोंड करून, पदर तोंडावर घट्ट धरून काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं देवाचं नाव घेते. वाकून ऐकलं तर ती ‘माही हाये, माही हाये’ असं घोकत होती. वाऱ्यालाही ऐकू जाऊ नये म्हणून पदर. एवढ्या वर्षांत न वापरलेला शब्द तो, जिभेवर बसायला वेळ लागणारच.

"बोलशील ना व?" मी विचारलं.

"बोलतो. मरन आलं तर मले येवो म्हनून सांगून ठेवलं हाये."

"कोनाले सांगतलं?"

"ज्याले सांगाचं त्याले."

ते कोर्ट काय वर्णावं. एवढं उंच छत, की खाली बसलेल्या माणसाला आपोआप गुन्हेगारासारखं वाटावं. आमच्या वकिलांच्या जागी नागपूरचे मोठे वकील होते. ते उभे राहिले, इंग्रजीत बोलले. समोरचे उभे राहिले, तेही इंग्रजीत. न्यायाधीश कागद उलटत होते. ‘कोंडा’ हा शब्द मध्येच ऐकू यायचा आणि शकुन सावरून बसायची, की आता विचारतील. विचारलं नाही. कागद बंद व्हायला लागले.

शकुननं वकिलांच्या कारकुनाला खुणावलं. तो कुजबुजला, "बाई, इथं साक्ष होत नाही. खालच्या कोर्टात जे बोलले तेच इथं वाचतात."

शकुनला ते कळायला जरा वेळ लागला. मग ती उभी राहिली. रोवण्याच्या रांगेत जिचा कधी आवाज ऐकला नव्हता ती बाई त्या उंच छताखाली मोठ्यानं म्हणाली, "साहेब, ते पोरगी माही हाये! म्या जनली तिले! मंगलाची नाही, माही हाये!"

शिपाई धावला. न्यायाधीशांनी हातानं त्याला थांबवलं, वकिलांना काहीतरी विचारलं, ऐकून घेतलं. मग आमच्याच भाषेत म्हणाले, "बाई, हे तेव्हा सांगायला हवं होतं."

अपील फेटाळलं. खालच्या साहेबांनी बाईला समोर पाहून, विचारून निर्णय दिला होता, आणि आता इतकी वर्षं झाली, मुलगी तिथं रुळली आहे, असं वकिलांनी नंतर आम्हाला समजावलं. इतकी वर्षं कोणामुळं झाली, ते कोणी समजावलं नाही. तारखा काही शकुननं मागितल्या नव्हत्या. सणावारी पोरीला भेटायची मुभा तेवढी मिळाली.

हरून येणारी माणसं निदान मोकळी होतात. शकुन तशी झाली नाही. पोरगी गेली ती गेलीच, आणि वर शब्द निघून गेला होता. त्या पावसाळ्यात कोंडीला विषमज्वर झाला. शकुन शहापूरहून आली. मारोतरावांनी घरात घेतलं नाही, तर माझ्या अंगणात कडुलिंबाखाली बसून राहिली. खात नव्हती, कुडाच्या फटीला कान. पलीकडे मंगला कोंडीच्या कपाळावर पट्ट्या बदलत होती. तीही काही खात नव्हती. एकदा पाणी भरायला बाहेर आली आणि कुडापलीकडूनच म्हणाली, "नागपुरात बोललीस ना? झालं तुह्या मनासारखं?"

 शकुनला स्वतःलाही तेच वाटत होतं, की शब्द काढला म्हणून ताप आला, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

ताप उतरला. कोंडी जगली. शकुन सणाला यायची, साडीचोळी आणायची, कोंडी "काकू, बस" म्हणायची, चहा द्यायची. पोरगी मोठी होत होती, तशी तिची बडबड शकुनसमोर कमी होत गेली. शकुनला वाटायचं, वयानं. मी काही म्हणत नव्हते. पण मला ती माझ्या मांडीवर बसलेली, खोकणारी पोर आठवायची. तिचे कान चांगले होते.

सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात कोंडीचं लग्न निघालं. हळदीला शकुन पहाटेच्या गाडीनं आली. आईच्या पाटावर मंगला बसली, शकुन आम्हा बायांत मागं. कोंडीच्या गालाला हळद लागली आणि शकुननं इतका मोठा श्वास सोडला की माझ्या मानेला वारा लागला. मी तिच्या हातावर हात ठेवला. "सुटलीस व," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं, पंगती उठल्या. निघायच्या वेळी कोंडी सगळ्यांच्या पाया पडत पडत आली. मंगलाच्या गळ्यात पडून रडली. मग शकुनच्या पाया पडली. "काकू, येतो."

शकुननं तिला दोन्ही खांद्यांना धरून उभं केलं. आजूबाजूला बँड वाजत होता, पण ती काही लपवत नव्हती. "कोंडे, तू माही होस."

"माहीत हाये काकू," कोंडी म्हणाली. "सारं गाव जानते."

"नागपुरात म्या सांगतलं व्हतं. साहेबाले."

"तेबी माहीत हाये. तिथं तुले कोनं विचारलं व्हतं?" कोंडीचा आवाज चढला नाही. हळदीचा हात तिनं कपाळाला पुसला. "जिथं विचारलं तिथं मी मांडीवर बसून व्हतो. ऐकून राहिलो व्हतो. तीन डाव विचारलं त्यानं."

मी मध्ये पडले. "अवो पोरी, तुह्या जिवासाठी..."

"हाव मावशी, माह्या जिवासाठी. पन मी सांगून ठेवतो. मले लेकरू झालं अन ते मरो का जगो, मी माहंच म्हनीन."

मंगलानं झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. लग्नाच्या दिवशी असं बोलतात का! कोंडीनं हात बाजूला केला, शकुनचा पदर नीट तिच्या डोक्यावर ओढून दिला आणि जाऊन जीपमध्ये बसली.

हायवेपर्यंत मी शकुनला सोडायला गेले. एसटीला उशीर होता. रस्त्यानं धानाची पोती लादलेले ट्रक जात होते, मिलच्या दिशेनं. शकुन बराच वेळ त्यांच्याकडे पाहत होती. मला वाटलं आता रडेल, रडू दे एकदाची.

ती म्हणाली, "जगली म्हनून एवढं बोलून तरी राहिली ना व."

गाडी आली. शकुन चढली, खिडकीपाशी जागा मिळाली नाही, मधल्या दांड्याला धरून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी मिलची पाळी होती तिला.